कंपनीचा ग्रुप विमा असताना स्वतःचा टर्म काढावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३६. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं नोकरी, सीटीसी (कंपनीने धरलेला वर्षाचा एकूण पगार) १३ लाख, हातात महिना ८५ हजार. पत्नी घरी शिकवण्या घेते, त्याचे महिना दहा हजार. मुलं आठ आणि तीन वर्षांची, आई गावाकडे. मोशीच्या फ्लॅटचं ३८ लाखांचं कर्ज बाकी आहे, हप्ता ३४ हजार, अजून १८ वर्षं. पीएफमध्ये ९ लाख, म्युच्युअल फंडात ६ लाख. कंपनीने सीटीसीच्या तिप्पट, म्हणजे ३९ लाखांचा ग्रुप विमा दिलाय आणि एचआरच्या मते तो भरपूर आहे. ओळखीच्या एजंटने वर्षाला १ लाख २० हजार हप्त्याची, २५ लाख विमा रकमेची एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली, पॉलिसी पुढे केलीय. दीड वर्षापासून बीपीची गोळी चालू आहे. अशा वेळी कंपनीचा विमा पुरेल की आणखी काही हवं?

उत्तर आधी सांगते, कारणं मग. पुरणार नाही, आणि एजंटची पॉलिसी हा त्यावरचा उपाय नाही. स्वतःच्या नावावर दीड ते दोन कोटींचा साधा टर्म, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा बिनबचतीचा विमा घ्या, आणि अर्ज याच महिन्यात करा.

मी बरीच वर्षं विमा ब्रोकरकडे ग्रुप पॉलिसींचं काम पाहिलंय. कारखान्यांना पॉलिसी घेऊन द्यायच्या, दरवर्षी रिन्युअलची घासाघीस करायची, आणि कुणी कर्मचारी गेला की एचआरसोबत बसून क्लेमची कागदपत्रं लावायची. त्यामुळे ग्रुप विम्याला नावं ठेवायला मी बसलेले नाही. उलट ग्रुपचे क्लेम बऱ्याचदा कमी कटकटीत मिटतात. कंपनी स्वतः पत्र देते, हजेरी आणि पगाराची नोंद तयार असते, आणि एवढं मोठं गिऱ्हाईक तुटावं असं विमा कंपनीलाही वाटत नाही. गोची क्लेम लावल्यानंतर होत नाही. त्या दिवशी तुमचं नाव यादीत आहे का, इथेच सगळं अडतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे मी दोन भाग करते. ३९ लाख ही रक्कम पुरते का, हा एक. आणि ती रक्कम त्या दिवशी जागेवर असेल का, हा दुसरा. सगळे पहिल्याबद्दलच विचारतात. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ग्रुप टर्मची मास्टर पॉलिसी तुमची कंपनी आणि विमा कंपनी यांच्यात असते. तुम्ही त्या पॉलिसीला जोडलेल्या एक्सेल यादीतली एक ओळ असता. पॉलिसी एका वर्षाची. दर महिन्याला एचआर नव्याने लागलेल्यांची आणि सोडून गेलेल्यांची नावं पाठवतं, आणि तुमचा शेवटचा कामाचा दिवस झाला की तुमची ओळ दुसऱ्या यादीत जाते. कव्हर तिथे संपतं. रिन्युअलच्या वेळी प्रीमियम जास्त आला तर कंपनी पाच पटीचं तीन पट करते, किंवा ‘कमाल ३० लाख’ अशी मर्यादा घालते. तसं करायचा तिला पूर्ण अधिकार आहे, कारण बहुतेकांच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये या विम्याचा उल्लेखही नसतो. कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहण्यासारखंच आहे हे. आहे तोवर मजेत राहावं, पण म्हणून स्वतःचं घर बांधायचं कुणी थांबवत नाही.

‘नोकरी सोडली तर दुसरी धरेन, तिथेही विमा असेलच की,’ असं तुम्ही म्हणाल. धडधाकट माणसाच्या बाबतीत हे खरंही आहे. पण नोकरी सुटण्याचं कारणच आजारपण असेल तर? ज्या माणसाच्या जिवाला धोका वाढलाय, त्याचीच नोकरी जाण्याचा धोकाही वाढलेला असतो. दोन्ही संकटं हातात हात घालून येतात, आणि नोकरीला बांधलेला विमा नेमका तेव्हाच निसटतो.

भोसरीतल्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरची केस मला कायम आठवते. मूत्रपिंडं निकामी झालेली, दर आठवड्याला डायलिसिस. हक्काची रजा संपली, मग बिनपगारी सुरू झाली. घरात पैसा लागत होता, म्हणून त्याने राजीनामा दिला. फुल अँड फायनल, ग्रॅच्युइटी, पीएफ असं सगळं हातात येईल, हा हिशोब. पैसे आलेही. काही महिन्यांनी तो गेला, तेव्हा ग्रुप टर्मच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. कुणी फसवलं नव्हतं, नियमात कुठे चूक नव्हती. पत्नीने एचआरला फोन केला तेव्हा तिला हे पहिल्यांदा कळलं.

यातून एक गोष्ट तुमच्या ओळखीत सगळ्यांना सांगून ठेवा. मोठं आजारपण आलं तर पैशासाठी घाईने राजीनामा देऊ नका. नोकरीत असतानाही उपचारासाठी पीएफमधून आगाऊ रक्कम काढता येते. राजीनाम्याआधी एचआरला लेखी विचारा की बिनपगारी रजेत ग्रुप टर्म चालू राहतो का आणि किती महिने. पॉलिसीगणिक उत्तर वेगळं मिळतं. काही मास्टर पॉलिसींमध्ये नोकरी सोडताना ठरावीक दिवसांत तेच कव्हर वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याची सोय असते. ती आपणहून कुणी सांगत नाही, विचारावी लागते.

आजारपण सोडा, नुसतं वयही पुरेसं आहे. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात पन्नाशीच्या आतबाहेर व्हीआरएस घेतलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत तेच चाळिशीत, दुसऱ्या नावाने होतं. त्या वयात शुगर-बीपीची फाईल जाड झालेली असते, मुलांची शिक्षणं ऐन भरात असतात, आणि तेव्हा स्वतःचा टर्म काढायला गेलं तर एकतर दर चढा किंवा सरळ नकार. ‘कंपनीचा होता म्हणून काढला नाही,’ हे वाक्य मी अशाच माणसांकडून सर्वात जास्त ऐकलंय.

आता रक्कम. त्याआधी ३९ लाख हे खरंच ३९ लाख आहेत का, ते एचआरकडून लेखी घ्या.

पहिली शंका: हा टर्म आहे की अपघात विमा? बऱ्याच कंपन्या तीन पॉलिसी देतात: मेडिक्लेम, ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट आणि ग्रुप टर्म. इंडक्शनच्या स्लाइडवर तिन्ही एकाखाली एक असतात आणि लोकांच्या डोक्यात मोठा आकडा तेवढा राहतो. अपघात विम्यात हार्ट अटॅक, कॅन्सर, डेंगी यातलं काही बसत नाही. पगाराच्या खात्यावर बँक जो विमा देते तोही बहुधा अपघाताचाच असतो.

दुसरी: तिप्पट कशाची? सीटीसीची की बेसिकची? बेसिकची असेल तर तुमचे ३९ लाख सोळा-सतरा लाखांवर येतील.

तिसरी गोष्ट आतल्या माणसांनाच माहीत असते. ग्रुप पॉलिसीत एक फ्री कव्हर लिमिट असते. तेवढ्या रकमेपर्यंत तब्येतीची चौकशी न करता विमा मिळतो. तुमचं कव्हर त्याच्या वर जात असेल तर हेल्थ डिक्लरेशन किंवा मेडिकल मागणारा ईमेल येतो. हे ईमेल लोक उघडत नाहीत, जाहिरात समजून सोडून देतात. मग कव्हर त्या लिमिटवरच अडकून राहतं, स्लाइडवर काहीही लिहिलेलं असो. जुने ईमेल एकदा शोधून बघा. आणखी एक अट असते: कव्हर सुरू होताना किंवा वाढताना तुम्ही प्रत्यक्ष कामावर हजर असायला हवं. त्या दिवशी आजारपणाच्या रजेवर असाल तर वाढीव कव्हर परत रुजू झाल्यावरच लागू होतं.

समजा सगळं ठीक निघालं आणि ३९ लाख पक्के आहेत. त्यातले ३८ बँकेत जातील आणि एक लाख उरेल. एचआरच्या ‘भरपूर’चा अर्थ एवढाच.

कर्ज फेडलंच पाहिजे का, हप्ते चालू ठेवून पैसे गुंतवले तर, असं काही जण सुचवतात. कागदावर कधीकधी ते बरोबरही येतं. पण एकटी पडलेली बाई, दोन लहान मुलं आणि डोक्यावर १८ वर्षांचा हप्ता, या स्थितीत मी तो सल्ला कधी दिला नाही, देणारही नाही.

आता घर चालवायचा हिशोब. ८५ हजारांत ३४ हप्ता आणि घरखर्च, शाळा, आईला पाठवता ते धरून ३६ असं मी मानते. उरलेल्या पंधरात तुमचा स्वतःचा खर्च आणि बचत. तुमच्यामागे ३६ हजार लागतच राहतील. शिवाय पगाराबरोबर कंपनीचा मेडिक्लेमही जातो, त्यामुळे कुटुंबाच्या आरोग्य विम्याला महिना दोनेक हजार धरा. हे विसरतात सगळे. ३८ हजारांतून पत्नीचे दहा वजा केले की महिन्याला २८ हजारांची तूट राहते, म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार.

धाकटं मूल मार्गी लागेपर्यंत २० वर्षं धरू. ठेवलेल्या पैशावरचं व्याज महागाईइतकंच मिळेल असं मी मानते, कारण एफडी आणि पोस्टाच्या पलीकडे बहुतेक घरं जात नाहीत आणि जाऊ नये असंही मला वाटतं. मग सरळ गुणाकार: साधारण ६७ लाख. त्यानंतर पत्नीच्या एकटीच्या म्हातारपणाला आजच्या भावाने महिना १८ हजार, ३० वर्षं: ६५ लाख. दोघांच्या उच्च शिक्षणाला आजच्या भावाने २५ लाख. कर्ज ३८. बेरीज १ कोटी ९५ लाख.

यातून काय वजा होतं? पीएफचे ९, फंडातले ६. मग ईडीएलआय, म्हणजे पीएफला जोडलेला विमा, जो बहुतेकांना ठाऊकच नसतो. १९७६ पासूनची योजना, हप्ता पूर्ण मालकाचा. मागच्या १२ महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, पण पगार १५ हजारांपर्यंतच धरतात, आणि त्यावर पीएफ शिलकीच्या निम्मे, कमाल पावणेदोन लाख. एकूण मर्यादा ७ लाख, आणि तुमच्यासारख्याला ती पूर्ण मिळते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ही मर्यादा ६ वरून ७ लाख झाली. काही कंपन्यांना स्वतःची चांगली ग्रुप पॉलिसी असल्याने या योजनेतून सूट असते. तुमचा ग्रुप टर्म हाच ईडीएलआयच्या बदल्यातला असेल तर दोन्ही मिळणार नाहीत. हेही एचआरला विचारा.

ग्रॅच्युइटीला मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांची अट नाही, तुमची तशीही पूर्ण झालीयत. बेसिक ४५ हजार धरलं तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९ वर्षं, म्हणजे सव्वादोन लाखांच्या थोडं वर. पीएफच्या पेन्शन योजनेतून पत्नीला दरमहा काही हजार आणि मुलांना वयाच्या २५ पर्यंत तिच्या पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी मिळतील. ते मी हिशोबात धरत नाही, गॅसचा सिलिंडर, लाइटबिल त्यातून निघेल म्हणून सोडून देते.

९, ६, ७ आणि सव्वादोन मिळून २४ लाख. १९५ मधून गेले २४, राहिले १७१. म्हणजे पावणेदोन कोटींच्या घरात. कंपनीचे ३९ लाख धरले तरी १ कोटी ३२ लाखांचं भगदाड राहतंच. मी ते ३९ धरत नाही. मिळाले तर मुलांचं शिक्षण जरा सैल हाताने होईल, एवढंच.

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. गावाकडे शेती असेल, तुमचे भाऊ आईचं पाहणार असतील, पत्नी पूर्णवेळ नोकरी धरू शकत असेल, तर दीड कोटीही चालेल. दोन्ही मुलांना बाहेर शिकवायचा विचार असेल तर दोन घ्या. मुदत ६० व्या वर्षापर्यंत पुरे. कर्ज तुमच्या ५४ व्या वर्षी फिटतं आणि धाकटं मूल तुम्ही साठीचे व्हाल तेव्हा २७ चं असेल. ८५ किंवा ९९ वर्षांपर्यंतचं कव्हर विकायला येतील, ‘न मेलात तर पैसे परत’वालं विकायला येतील, दोन्हीला नको म्हणा.

एवढं कव्हर एकाऐवजी दोन पॉलिसींत, दोन वेगळ्या कंपन्यांकडून घ्या, असं मी सहसा सुचवते. पुढे कर्ज फिटलं, जबाबदारी हलकी झाली की एक सोडून देता येते. दोन्ही मिळून वर्षाला अंदाजे पंचवीस-तीस हजार, बीपीमुळे थोडे जास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आधी टर्मच्या हप्त्यावर तो १८ टक्के होता, त्यामुळे जुने कोट पाहून घाबरला असाल तर पुन्हा काढून बघा.

बीपीचं आता. कंपनीच्या विम्याने तुम्हाला काही विचारलं नाही, हा त्याचा खरा मोठा गुण. वैयक्तिक टर्मसाठी सगळं विचारतील आणि सगळं खरं सांगायचं. गोळीचं नाव, कधीपासून, शेवटचं रीडिंग, वडिलांना काय होतं. गोळीने बीपी आटोक्यात असेल तर बहुधा थोडा जादा हप्ता लावून पॉलिसी देतात. आटोक्यात नसेल तर काही महिने थांबायला सांगतात. म्हणून घाई करा म्हटलं. आज फाईलवर फक्त बीपी आहे, दोन वर्षांनी त्याच्या शेजारी काय लिहिलेलं असेल कुणी सांगावं.

लपवायचा मोह होईल. एजंटही म्हणेल, ‘लिहू नका साहेब, कशाला उगाच.’ विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं पूर्ण झाल्यावर लपवाछपवीचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही, आणि हेच कलम दाखवून लोक लपवायला सांगतात. पण पहिल्या तीन वर्षांतल्या मृत्यूची चौकशी कसून होते. मेडिकल दुकानाची बिलं, कंपनीच्या वार्षिक तपासणीचे रिपोर्ट, मेडिक्लेमच्या जुन्या फाईली, सगळं निघतं. तंबाखूचंही तसंच. ‘मी सिगारेट ओढत नाही’ म्हणून ‘नाही’वर टिक करणारे मळून खाणारे खूप पाहिलेत, मशेरीवाल्या बायकाही. फॉर्ममध्ये तंबाखूचा कुठलाही प्रकार विचारलेला असतो. एजंटकडून घेतलीत तरी फॉर्म स्वतः वाचा, आणि पॉलिसी हातात आल्यावर सोबत जोडलेली अर्जाची प्रत तपासा. काही चुकलेलं असेल तर ३० दिवसांच्या फ्री-लूक, म्हणजे पॉलिसी तपासून परत करता येण्याच्या मुदतीतच कळवा.

एजंटच्या एंडोमेंटवर फार शब्द घालवत नाही. १ लाख २० हजार भरून २५ लाखांचं कव्हर, आणि तुमची गरज पावणेदोन कोटी. बचत म्हणून ती बरी की वाईट हा वेगळा वाद आहे. विमा म्हणून ती तुमच्या कर्जाइतकीही नाही. त्याच पैशात टर्म बसून वर्षाला नव्वदेक हजार उरतात. ते फंडात घाला किंवा कर्जात जादा भरा.

नॉमिनीबद्दल मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण क्लेमच्या टेबलावर भांडणं इथूनच सुरू होतात. नोकरीला लागलात तेव्हा बहुतेक अविवाहित असाल आणि ग्रुप टर्मच्या फॉर्मवर आईचं नाव असेल. लग्न झालं, मुलं झाली, फॉर्म तसाच राहतो. पीएफच्या नियमात लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्नानंतर आपोआप रद्द ठरतं आणि नव्याने करावं लागतं. ते आता ईपीएफओच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशनने होतं. ग्रुप टर्म आणि ग्रॅच्युइटीचे फॉर्म एचआरकडे वेगळे असतात, तिन्ही स्वतंत्रपणे बदला. मुलांची नावं घातलीत तर ती अज्ञान असल्याने पैसे स्वीकारणाऱ्या सज्ञान व्यक्तीचंही नाव द्यावं लागतं.

तुमचा नवा टर्म विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्या, अर्जातच तो पर्याय असतो. कलम ६ प्रमाणे ती रक्कम पत्नी आणि मुलांसाठीचा ट्रस्ट धरली जाते, तुमच्या देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. तुम्ही कुणा मित्राच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर हे फारच कामाचं. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही, आणि लाभार्थी मागाहून बदलता येत नाहीत. हे पक्कं डोक्यात ठेवून सही करा.

आणि बँकेला विचारा की गृहकर्जासोबत एखादा एकरकमी हप्त्याचा कर्ज-विमा तुमच्या नकळत बांधलेला नाही ना. त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो आणि कित्येकांना तो आहे हेच माहीत नसतं. असेल तर वरच्या हिशोबातून तेवढी रक्कम वजा करा.

हे सगळं तुमच्या परिस्थितीला लागू. ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही अशा अविवाहित मुलाला कंपनीचा विमा पुष्कळ झाला. नवरा-बायको दोघं कमावते, कर्ज नाही, तिथेही ओढ कमी असते. आणि ज्यांना वैयक्तिक टर्म मिळतच नाही, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, कॅन्सरमधून उठलेले, त्यांच्यासाठी ग्रुप विमा सोन्याच्या मोलाचा. अशांनी पगारातून जादा कव्हर घेता येत असेल तर रिन्युअलच्या खिडकीत ते घ्यावं, नोकरी बदलताना पगाराआधी ग्रुप टर्मची रक्कम विचारावी, आणि बँकेतून वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना पन्नाशीच्या आत घेऊन ठेवावी. तुम्हीही अर्ज नाकारला गेला तर याच वाटेने जा.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी टर्मचा अर्ज आणि मेडिकल. ते चालू असताना एचआरला एकच ईमेल: टर्म की अपघात, किती पट आणि कशाची, फ्री कव्हर लिमिट किती, ईडीएलआय वेगळा आहे का, बिनपगारी रजेत काय होतं, माझा नॉमिनी कोण. उत्तराची प्रत पत्नीच्या फोनवर. पॉलिसी हातात येईपर्यंत एजंटला थांबवा. एंडोमेंटवर सही करून मग टर्मचं बघू म्हणणाऱ्यांचं टर्मचं बघणं राहूनच जातं.

आईचा प्रश्न राहिला. वरच्या १८७४ च्या कायद्याखालच्या पॉलिसीत पत्नी आणि मुलंच बसतात, आईला त्यात जागा नाही. म्हणून दोन पॉलिसींपैकी मोठी, दीड कोटीची, त्या कायद्याखाली घ्या आणि २५ लाखांची दुसरी साधी ठेवून तिची नॉमिनी आई करा. दोन पॉलिसींची दगदग नको असेल तर निदान कंपनीच्या ग्रुप टर्ममध्ये पत्नी ७५ आणि आई २५ टक्के असं नॉमिनेशन करून घ्या, आणि ते दोघींनाही आत्ताच सांगा.